बुधवारचा रविवार

लीया उजागरेला कुणी संस्थापिका म्हटलं असतं, तर तिनं त्याला आधी दोन खुर्च्या उचलायला लावल्या असत्या. लीड्समधली मराठी मेथडिस्ट मंडळी तिनं उभी केली, हे खरं आहे. पण पहिली सहा-सात वर्षं आपण सतरंजी झटकली, खुर्च्या मांडल्या आणि चहाचं पाणी ठेवलं, यापलीकडे काही केलं असं तिला स्वतःला वाटतच नव्हतं. अशा बायकांना काम दिसतं, नाव दिसत नाही. आणि नाव घ्यायला पुरुष तयारच असतात.

इथे तो पुरुष म्हणजे तिचा नवरा, गिडियन. माणूस वाईट नव्हता. उलट फार भला होता, फक्त लांबलचक होता. कोपरगावकडच्या साखर कारखान्यात तो फिटर होता. १९६३ साली लीड्सला येऊन बस गॅरेजमध्ये लागला आणि पुढच्या वर्षी त्यानं लीयाला बोलावून घेतलं; ती इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली. गावाकडे दोन वर्षं तो ख्रिस्ती मंडळीचा पंच होता, म्हणजे देवळाच्या किल्ल्या, सतरंज्या आणि भांडणं त्याच्याकडे. तेव्हा लीड्सला मराठी प्रार्थना सुरू करायची ठरल्यावर ती चालवणार कोण, हा प्रश्न निघालाच नाही. गिडियननं डोळे मिटले आणि सुरू केलं.

ही गोष्ट १९६५ सालची. जागा म्हणजे उजागऱ्यांच्या घराची पुढची खोली, आणि ते घर पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांच्या रांगेतलं. आठ माणसं आली की नववं जिन्यावर बसायचं. यायच्या त्या बहुतेक नर्सेस. कुणी मिरजेची, कुणी जालन्याची, कुणी नगरची. सगळ्या मिशन हॉस्पिटलांत शिकलेल्या. रविवारी इंग्लिश चॅपलला त्या जायच्या, हसून हात मिळवायच्या आणि हात मिळवून घरी यायच्या. चॅपलमधली माणसं सभ्य होती, पण सभ्यतेनं पोट भरत नाही. आपल्या भाषेत रडावंसं वाटलं तर जायचं कुठे?

"मावशी," शैला नावाची एक नर्स एकदा लीयाला म्हणाली, "काकांची प्रार्थना फार सुंदर असते. पण गेल्या वेळी ते अब्राहामापासून निघाले आणि मोशेपर्यंत पोचेतो माझी बस गेली. वॉर्डाच्या सिस्टरनं मला उभं सोललं."

पुढच्या वेळी तिनं स्वयंपाकघरातलं अलार्मचं घड्याळ आणून गिडियनच्या समोर ठेवलं.

"हे काय गं?"

"घड्याळ आहे. वाजलं की आमेन म्हणायचं."

"देवाच्या कामात घड्याळ?"

"अहो, देवाला वेळच वेळ आहे. पोरींना पाच वाजता ड्यूटी आहे."

ड्यूटीमुळेच त्यांचा रविवार बुधवारी आला. त्या काळी नर्सेसना स्प्लिट ड्यूटी असायची: सकाळी साडेसात ते एक, मग सुट्टी, मग पुन्हा पाच ते आठ. रविवारी निम्म्या पोरी वॉर्डात. बुधवारी दुपारी मात्र शहरातली दुकानं अर्धा दिवस बंद, त्यामुळे दुकानात काम करणाऱ्या दोघी-तिघीही मोकळ्या. लीयानं सगळ्यांच्या ड्यूटीचे कागद टेबलावर पसरले, पेन्सिल घेतली आणि दहा मिनिटांत ठरवलं: आपला रविवार बुधवारी, दुपारी दोन वाजता. त्या मंडळीची खरी स्थापना कुठली म्हणाल, तर ही. बाकी सगळं नंतरचं.

माणसं वाढली तशी १९६७ साली तिनं चॅपलचे मुख्य पाळक, रेव्हरंड बेन्स, यांच्याकडे मागची शाळाखोली मागितली. बेन्स उंच, सर्दी झालेला, भला माणूस. ते म्हणाले, "पण मिसेस उजागरे, प्रभूचा दिवस रविवार आहे."

"हो. पण रविवारी आजारी पडायचं नाही, असा हुकूम तुम्ही काढत नाही तोवर आम्हाला बुधवारच चालवावा लागेल."

बेन्सनी नाक पुसलं आणि किल्ली दिली.

शाळाखोलीत एक रॉकेलचा हीटर होता, लहान मुलांच्या उंचीचे बाक होते आणि कडेला एक कोनाड्याएवढं स्टेज होतं. तिथे उपासना रंगली. पेटी वाजवायला सुप्रभाताई यायच्या. त्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या पुणेकर डॉक्टरांच्या पत्नी, कट्टर गणपतीवाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी लीयाला सांगून टाकलं, "हे बघा लीयाबाई, मी येशूसाठी येत नाही, पेटीसाठी येते. घरी वाजवली की शेजारीण भिंत ठोकते."

"या की," लीया म्हणाली. "भिंत इथे जाड आहे."

१९७० सालच्या वसंतात तेवीस माणसं नियमानं येत होती, आणि नेमका तेव्हा घोळ झाला. चॅपलच्या विश्वस्तांनी शाळाखोली लहान मुलांच्या एका प्लेग्रूपला द्यायचं ठरवलं. बेन्स स्वतः घरी आले, चहा घेतला आणि खरं ते सांगितलं. तुम्ही पाहुणे म्हणून खोली वापरता. पाहुण्याला कधीही जा म्हणता येतं. पण तुमची मंडळी सर्किटच्या, म्हणजे आसपासच्या चॅपलांच्या गटाच्या, प्लॅनवर आली, तर विश्वस्तांना हात लावता येणार नाही.

हा प्लॅन म्हणजे काय ते सांगायला हवं. मेथडिस्टांचे पगारी पाळक थोडे आणि चॅपलं फार. म्हणून बहुतेक उपदेश साधी माणसंच करतात: किराणावाले, शाळामास्तर, इंजिन ड्रायव्हर. त्यासाठी चार पेपरांची परीक्षा देतात, पास झाले की त्यांना एक नंबर मिळतो. दर तीन महिन्यांनी एक मोठा कागद छापतात. उभ्या ओळीत चॅपलं, आडव्या ओळीत रविवार, आणि प्रत्येक चौकटीत नंबर: कुणी, कुठे, कधी बोलायचं. हा प्लॅन. जिचं नाव त्यावर नाही, ती मंडळी नाही. तो नुसता जमाव.

"तेव्हा तुम्हाला परीक्षा पास झालेला स्वतःचा उपदेशक हवा," बेन्स म्हणाले. "डिसेंबर एकाहत्तरपर्यंत मी विश्वस्तांना थोपवतो. पुढे नाही." आणि त्यांनी साहजिकच गिडियनकडे पाहिलं.

गिडियननं खाकरून घसा साफ केला. "चार पेपर म्हणजे... इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

गिडियनचं इंग्रजी बस गॅरेजपुरतं होतं, आणि हे त्याला जितकं माहीत होतं तितकंच लीयालाही. ती कप उचलत होती. पाठमोरी राहूनच म्हणाली, "मी देईन."

"तू?" गिडियन म्हणाला. "बाई? पुलपिटावर?"

"माझी आई बावीस वर्षं हेच करत होती."

"ती बायबलबाई होती. ती खाली बसून सांगायची."

"मग मी उभी राहून सांगेन. पाय आहेत मला."

तिची आई पुणतांब्याकडच्या खेड्यांत बायबलबाई होती, हे खरं. मिशनच्या सात रुपये पगारावर ती रोज चार-पाच मैल चालायची आणि बायकांत बसून शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. ओट्यावर बसू दिलं तर ओट्यावर, नाही दिलं तर लिंबाखाली. ना झगा, ना पुलपिटाचं उंच व्यासपीठ, ना कागद. लीया लहानपणी तिचं बोट धरून हिंडली होती. पण आई करायची तो उपदेश, असं तिला कधी वाटलं नव्हतं. उपदेश म्हणजे पाळकसाहेब करतात तो. आईचं ते बोलणं.

दीड वर्ष लीया अभ्यासाला बसली. वय सत्तेचाळीस, सकाळी वॉर्ड, संध्याकाळी वॉर्ड, मधे बसच्या वरच्या मजल्यावर मांडीवर पुस्तक. चार पेपरांपैकी तीन पहिल्या फटक्यात निघाले. चौथा, सिद्धांताचा, दुसऱ्यांदा. नापास झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी गिडियननं स्वयंपाक केला, फार खारट केला, आणि दोघांनी तो चाटूनपुसून संपवला. पुढल्या वेळी प्रश्न विचारून घोकून घ्यायला तोच बसला. त्याला उत्तरं कळत नव्हती, पण पुस्तकातल्या शब्दाबरहुकूम आलं की नाही, ते तो बोट ठेवून तपासायचा.

राहिला चाचणीचा उपदेश. तो उपासनेत द्यायचा आणि एक पाळक व एक जुना उपदेशक यांनी ऐकून अहवाल लिहायचा. लीया मराठीत बोलणार म्हणून तिच्याकडून उपदेशाचं इंग्रजी भाषांतर आधी मागवून घेतलं. नऊ पानं. विषय, विहिरीवरची शमरोनी बाई: यहुदी जिच्या हातचं घेत नसत आणि येशूनं जिच्याकडे पाणी मागितलं ती. तीन मुद्दे, प्रत्येकाला तीन पोटमुद्दे, अगदी पुस्तकात सांगितल्यासारखे. बेन्सनी पसंत केला. दिवस ठरला नोव्हेंबरातला दुसरा बुधवार, आणि परीक्षक म्हणून नाव आलं मिस्टर ऑल्ड्रॉइड यांचं.

नाव ऐकून चॅपलच्या चहावाल्या बाईनंसुद्धा "अरेरे, लव्ह!" म्हटलं; तिकडे बायका कुणालाही लव्ह म्हणतात. ऑल्ड्रॉइड म्हणजे रेल्वेचा निवृत्त सिग्नलमन. एक्केचाळीस वर्षं उपदेश करत होता. आजवर तीन उमेदवारांना त्यानं परत पाठवलं होतं, त्यांतला एक त्याचा सख्खा मेहुणा.

त्यातून त्या बुधवारी बेन्सना ऐनवेळी एका अंत्यविधीला जावं लागलं. ऑल्ड्रॉइड एकटाच आला. काळा कोट, हातात टोपी, खिशात वही. इंग्लिश रीत अशी की परीक्षकानं गुपचूप मागच्या बाकावर बसायचं, कुणाला कळू द्यायचं नाही आणि संपलं की निघून जायचं. पण ही रीत आपल्या लोकांना कोण सांगणार?

व्यवस्था सुप्रभाताईंकडे होती. पुण्यात महिला मंडळाची चार वर्षं सेक्रेटरी राहिलेली बाई ती. बाहेरून मोठा माणूस येणार म्हणजे तो प्रमुख पाहुणा, आणि प्रमुख पाहुण्याची जागा कुठे असते ते त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी ऑल्ड्रॉइडला दारातच गाठलं, "प्लीज, प्लीज" करत मधल्या वाटेनं नेलं, स्टेजवर चढवलं आणि पुलपिटाच्या मागे, मंडळीकडे तोंड करून ठेवलेल्या हात असलेल्या एकुलत्या एका खुर्चीत बसवलं. मग शैला हार घेऊन आली. बाजारातली पिवळी-पांढरी शेवंती, आणि लीड्समध्ये हाराचा दोरा मिळेना म्हणून टाके घालायच्या रेशमात ओवलेली. तेवीस माणसांनी टाळ्या वाजवल्या.

लीया तेव्हा बाजूच्या खोलीत पदर नीट करत होती. ती बाहेर आली आणि थेट पेटीपाशी गेली.

"सुप्रभाताई!" ती कुजबुजली. "हे काय करून ठेवलंत? त्यांना मागे बसायचं असतं!"

"मागे? पाहुण्याला? शोभतं का ते?"

"ते पाहुणे नाहीत हो. परीक्षा घ्यायला आलेत."

"मग तर हार हवाच," सुप्रभाताई म्हणाल्या आणि पेटीचा भाता सोडला.

आता उठवणार तरी कसं? ऑल्ड्रॉइड हार घालून ताठ बसला होता. त्याला लीयाची पाठ दिसणार होती, अंबाडा दिसणार होता आणि समोर तेवीस चेहरे. भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, आणि आता बोलणारीचं तोंडही दिसत नव्हतं. लीयाला वाटलं, झालं. दीड वर्ष पाण्यात.

तिनं वाचायला सुरुवात केली. पहिला मुद्दा, पहिला पोटमुद्दा. शमरोनी कोण होते, यहुदी कोण होते, त्यांचं वैर कशावरून. सगळं बरोबर होतं आणि सगळं मेलेलं होतं. शैलानं जांभई गिळली. चौघींनी घड्याळं पाहिली. कोपऱ्यात गिडियन मान ताठ ठेवून झोपला; ही कला त्याला पंच असताना अवगत झाली होती. लीयानं तिसरं पान उलटलं, वर पाहिलं, आणि तिला ते चेहरे दिसले. सकाळची ड्यूटी करून आलेले, पाच वाजता पुन्हा जाणारे. हे ऐकायला या पोरी दोन बस बदलून आल्या?

चौथं पान तिनं उलटलंच नाही.

"ही विहीर असते ना," ती म्हणाली, "ती मला माहीत आहे. माझ्या आईला आमच्या गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतलं, तर ओंजळ धरायची. म्हणून लहानपणी मला या गोष्टीत एकच नवल वाटायचं. त्या बाईनं पाणी दिलं, याचं नाही. त्यानं मागितलं, याचं. हिच्या हातचं मागितलं."

मग ती इकडच्या गोष्टीवर आली. लीड्सला आली त्याच वर्षी तिच्या वॉर्डात खुब्याचं हाड मोडलेली एक म्हातारी होती, मिसेस क्लेग. पहिल्या दिवशी लीयानं पाण्याचा पेला पुढे केला तर तिनं ओठ मिटून घेतले. सिस्टरला हाक मारून म्हणाली, हिच्या हातचं नको, त्या दुसऱ्या पोरीला सांग. लीयानं त्या म्हातारीचा आवाज काढला, हनुवटी वर, चादर दोन बोटांनी गळ्यापर्यंत ओढलेली, आणि बाकांवर हशा पिकला, कारण तशी एक म्हातारी प्रत्येकीच्या वॉर्डात होती. गिडियन दचकून जागा झाला.

"अकरा दिवस," लीया म्हणाली. "मी पेला भरायचा, टेबलावर ठेवायचा, आणि गोऱ्या पोरीनं तो तिच्या हातात द्यायचा. बाराव्या दिवशी दुपारी भेटीची वेळ संपली. तिचा मुलगा आला नव्हता. बाकीच्या पोरी चहाला गेल्या होत्या. ती मला म्हणाली, पाणी देतेस का, लव्ह? मी पेल्यापाशीच उभी होते. हात लांब केला की झालं. आणि मी काय केलं सांगू?"

तिनं उजवा हात वर केला आणि एकेक बोट उघडलं.

"एक. दोन. तीन. चार. पाच. मी पाचपर्यंत मोजलं. तिच्याकडे बघत. मग दिलं. प्रभूनं त्या बाईकडे पाणी मागितलं, तेव्हा तिनं मोजलं की नाही ते शास्त्रात नाही. मी मोजलं. ती म्हातारी पुढे माझ्या हातचं सगळं घ्यायला लागली, औषधसुद्धा. तिला वाटायचं मी फार मायाळू आहे. ते पाच आकडे अजून माझ्या हातात आहेत, आणि ते घेऊन मी दर बुधवारी इथे येते."

हीटर तेवढा फुरफुरत होता. मग सुप्रभाताईंनी कुणी न सांगता हळूच सूर धरला.

चहाच्या वेळी ऑल्ड्रॉइड भिंतीशी उभा राहिला. चिवडा खाल्ला, दुसऱ्यांदा घेतला. हार काढून टोपीत ठेवला आणि टोपी हातातच धरून पावसात बोडक्यानं निघून गेला.

"काय गं?" गिडियननं रस्त्यात विचारलं.

"कागद सोडून बोलले. पसंत केला होता तो उपदेश मी केलाच नाही."

"त्याला काय कळतंय? तो मागे होता. आणि मराठी."

"मला कळतंय ना."

कोपरा वळल्यावर गिडियन म्हणाला, "ते मोजल्याचं मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही लगेच प्रार्थना केली असती."

उपदेशकांची बैठक डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, दुपारी तीन वाजता. चौदा पुरुष, दोन बायका, कोळशाची शेगडी. निकाल इथे लागायचा, आणि विश्वस्तांची मुदत त्याच महिन्याअखेर संपत होती. लीया टोकाच्या खुर्चीवर कोट न काढता बसली. बेन्सनी परीक्षकाला उभं राहायला सांगितलं. ऑल्ड्रॉइडनं वही उघडली.

"मला एक शब्दही कळला नाही," त्यानं वाचलं. "शिवाय मला गळ्यात फुलं घालून अशा ठिकाणी बसवण्यात आलं, की वक्त्याचं तोंड दिसत नव्हतं. तेव्हा जे दिसलं ते लिहितो. पहिली अठरा मिनिटं भाषण कागदावरून झालं. या वेळात चार बायकांनी घड्याळ पाहिलं आणि एक गृहस्थ झोपले. मिसेस उजागरेंनी ती अठरा मिनिटं जाळून टाकावीत."

कुणीतरी हसलं. लीया नाही.

"पुढे तिसऱ्या पानानंतर त्यांनी पान उलटलं नाही. मी मागेच होतो, मला कागद दिसत होता. म्हणजे आपण मंजूर केलेला उपदेश त्यांनी दिला नाही." त्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बरोबर?"

"बरोबर," लीया म्हणाली.

एक टकला गृहस्थ लगेच पुढे सरकला. "मग प्रश्न मिटला. मंजूर उपदेश दिला नाही तर चाचणी झालीच नाही. नियम आहे."

"मी अजून बसलेलो नाही," ऑल्ड्रॉइड म्हणाला. "तीन वाजून दहा मिनिटांनी त्या सगळ्या हसल्या. चार मिनिटांनी मिसेस उजागरेंनी उजवा हात वर करून पाच बोटं उघडली. पाचव्या बोटाला समोरच्यांपैकी सात जणींनी मान खाली घातली. एकीनं डोळे मिटले ते गाणं सुरू होईपर्यंत उघडले नाहीत. मी सिग्नलमन होतो. वेळा लिहून ठेवायची सवय आहे. मिसेस उजागरे, तुम्ही काय मोजत होता?"

शाळाखोलीत सांगणं वेगळं होतं. तिथे ऐकणाऱ्या सगळ्या पेला भरून ठेवणाऱ्या होत्या. इथे समोर सोळा जण, आणि म्हातारी त्यांच्यातली. सांगितलं तर यांच्या बाईची तक्रार केल्यासारखं. आणि पाच आकडे सांगितले तर ज्या बाईनं तहानलेल्याला ताटकळत ठेवलं तिला पुलपिटावर कोण चढू देईल? काहीतरी गुळमुळीत सांगणं सोपं होतं. शास्त्रातल्या पाच भाकरी मोजत होते म्हणावं. मराठी इथे कुणाला कळत होतं?

तिनं कोटाची बटणं सोडली, आणि सगळं सांगितलं. विहीर, म्हातारी, अकरा दिवस. इंग्रजी मोडकंच होतं, पण नर्सचं होतं. लहान वाक्यं, नेमके शब्द. मोजण्यापाशी आल्यावर तिचा हात आपोआप वर गेला. एक. दोन. तीन. चार. पाच.

टकल्या गृहस्थानं खाली पाहिलं. बैठकीतल्या दोन बायकांपैकी थोरली रुमाल शोधू लागली.

ऑल्ड्रॉइड शेवटची ओळ वाचायला लागला, थांबला आणि वही मिटून तोंडानंच म्हणाला, "एक्केचाळीस वर्षांत माझ्यासमोर लोकांनी मान खाली घातली ती पेपरमिंटची गोळी शोधायला. माझी शिफारस आहे, हिला घ्या. आणि कागद हातात देऊ नका."

मत घेतलं. टकल्या गृहस्थानं नियमाचा मान राखून विरोधात हात वर केला आणि बैठक संपल्यावर लीयाला दरवाजा उघडून धरला. अशी माणसं तिकडे असतात.

प्लॅन मार्चमध्ये छापून आला. अठरावी ओळ: मराठी मंडळी, शाळाखोली. छापखान्याच्या चौकटी रविवारच्याच, म्हणून तिच्या प्रत्येक चौकटीत कोपऱ्यात एक बारीक तारा होता आणि खाली तळटीप: बुधवार समजावा. चौकटींत लीयाचा नंबर: ३७. गिडियननं तो कागद स्वयंपाकघरात घड्याळाच्या वर टाचला आणि त्या आठवड्यात घरी येणाऱ्या प्रत्येकाला, गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा, ताऱ्यावर बोट ठेवून दाखवला.

पहिल्या बुधवारी खुर्च्या मांडायला लीया नेहमीसारखी दीड वाजता गेली. गिडियन आधीच पोचला होता. बाही सरसावून त्यानं सतरंजी झटकली होती आणि बाक ओळीत लावले होते.

"तू नको," तो म्हणाला. "तू तिकडे बस. आज तुला बोलायचंय."

दोनला पाच कमी असताना ऑल्ड्रॉइड आला. त्या दिवशी त्याचं कुठेच काम नव्हतं. प्लॅनवर त्याच्या नंबरासमोर काही नव्हतं. सुप्रभाताई पेटीवरून उठल्या, पण लीयानं डोळ्यांनीच त्यांना बसवलं. आता त्याला मागे बसू दे, हवं तिथे. तो मागच्या बाकापाशी गेला, बाकाकडे बघून थोडा थबकला, मग वळून मधल्या वाटेनं पुढे आला आणि भिंतीशी लावून ठेवलेली हाताची खुर्ची स्वतः उचलून स्टेजवर घेऊन गेला. पुलपिटाच्या मागे ठेवली. मंडळीकडे तोंड करून.

"इथून जास्त कळतं," तो लीयाला म्हणाला आणि खिशातून वही न काढता बसला.

लीया पुलपिटाशी उभी राहिली. हातात कागद नव्हता. मागे तो होता, पुढे सत्तावीस माणसं होती, आणि शैलाच्या मनगटावर दोन वाजले होते.